डिजिटल प्रकाशनाची मराठी परिभाषा : कर्जत-खालापूरच्या व्यवहाराच्या कसोटीवर

१

परिभाषेचे परीक्षण म्हणजे तिच्यातील शब्दांच्या व्युत्पत्तीचे परीक्षण, अशी समजूत मराठीत दीर्घकाळ रूढ आहे. शब्द संस्कृत धातूपासून नियमाने साधलेला असला, त्याला समास व प्रत्यय यथास्थित लागत असले आणि मूळ इंग्रजी संज्ञेचा अर्थ त्यात पुरतेपणी उतरला असला, म्हणजे तो उत्तम पारिभाषिक शब्द ठरतो. ही कसोटी चुकीची नव्हे. परंतु ती अपुरी आहे. पारिभाषिक शब्द हा कोशात राहण्यासाठी घडविलेला नसतो. तो वाचून कोणाला तरी काही करावयाचे असते. एखादी कळ दाबावयाची असते, एखादा कागद मिळवावयाचा असतो, प्रसंगी एखादा हक्क सिद्ध करावयाचा असतो. ज्याने हे करावयाचे त्याला तो शब्द उलगडतो काय, ही दुसरी कसोटी होय. डिजिटल प्रकाशनाच्या मराठी परिभाषेला ही दुसरी कसोटी लावून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘डिजिटल प्रकाशन’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घेतली आहे. संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाचावयाची दैनिके, ग्रंथ व ज्ञानकोश तिच्यात येतात. त्याचप्रमाणे शासन जे अभिलेख व नमुने सार्वजनिक स्थळावर प्रसिद्ध करते तेही येतात. ग्रामीण महाराष्ट्रातील पुष्कळ माणसांचा या माध्यमातील लिखित मराठीशी जो गंभीर संबंध येतो तो या दुसऱ्या वर्गाशीच, ही गोष्ट परिभाषेच्या चर्चेत सहसा लक्षात घेतली जात नाही.

कसोटीसाठी कर्जत व खालापूर हे दोन तालुके निवडण्यास कारण आहे. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याचा हा समुद्रापासून दूरचा, सह्याद्रीच्या पायथ्याचा भाग. खाली भाताची खाचरे, वर डोंगरउतारावर ठाकर व कातकरी यांच्या वाड्या, आणि मधून मुंबईकडे धावणारी लोकल गाडी. खोपोलीच्या कारखान्यांमुळे बाहेरून आलेली वस्तीही मोठी आहे. प्रमाण मराठी, आगरी, ठाकरी व कातकरी बोली आणि मुंबईची मिश्र भाषा या सर्व एकाच बाजारात कानी पडतात. कातकरी ही महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून मान्यता आहे त्यांपैकी एक. तिच्या मुलाला शाळेतील प्रमाण मराठीदेखील घरच्या बोलीहून वेगळी अशी शिकावी लागते. अशा ठिकाणी जो शब्द उलगडतो तो महाराष्ट्रात अन्यत्रही उलगडेल, असे मानण्यास हरकत नसावी.

२

नव्या यंत्राबरोबर नवे शब्द येण्याचा हा या भागातील पहिला प्रसंग नव्हे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ मध्ये बोरघाटातून वर गेला. त्याबरोबर तीन प्रकारचे शब्द आले. ‘स्टेशन’, ‘तिकीट’, ‘सिग्नल’ हे इंग्रजीतून जसेच्या तसे आले व टिकले. ‘अग्निरथ’ हा शब्द लेखकांनी योजला. तो ग्रंथातच राहिला. ‘आगगाडी’ हा मात्र घरातील दोन साध्या शब्दांचा समास होता. तो शतकभर लेखनात व बोलण्यात सारखाच नांदला, आणि गाडीतील आग गेल्यावर हळूहळू मागे पडून केवळ ‘गाडी’ उरली. ‘अग्निरथ’ व ‘आगगाडी’ यांचा अर्थ अक्षरशः एक आहे. फरक आहे तो इतकाच, की एकातील घटक ऐकणाऱ्याच्या तोंडी आधीच होते आणि दुसऱ्यातील नव्हते.

दुसरे उदाहरण विजेचे. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले व भिवपुरीचे १९२२ मध्ये. या नव्या शक्तीला लोकांनी आकाशातील ‘वीज’ हेच नाव दिले. नवा शब्द घडविलाच नाही. जुन्याचा अर्थ वाढविला. ‘विद्युत्’ शासकीय फलकांवर राहिला. भाषाशास्त्रात ज्याला अर्थविस्तार म्हणतात तो हाच. नाव ठेवण्याची ही सर्वांत कमी खर्चाची पद्धती आहे, कारण तीत शिकावयाचा तो केवळ अर्थ. ध्वनी व रूपे आधीच हाती असतात.

तिसरे उदाहरण शेतीचे. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून भाताच्या ज्या जाती निघाल्या त्यांना ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’ अशी नावे आहेत. ही नावे प्रयोगशाळेत ठरविलेली, म्हणजे शुद्ध पारिभाषिक आहेत. तरीही शेतकऱ्याला ती जड वाटण्याचे कारण नाही, कारण नाव आणि बियाणे एकदमच हातात पडते. वरून दिलेला शब्द लोक स्वीकारीतच नाहीत, हे म्हणणे म्हणून खरे नव्हे. वस्तू आणि नाव यांची ताटातूट झाली म्हणजे तो स्वीकारला जात नाही.

३

आता डिजिटल प्रकाशनाच्या प्रचलित संज्ञा पाहू गेल्यास त्यांचे तीन गट पडतात : घडविलेल्या, उसन्या आणि अर्थविस्ताराने आलेल्या.

घडविलेल्या संज्ञांमागे मराठीत मोठी परंपरा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी रचलेल्या राजव्यवहारकोशाने फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली आणि माधव ज्यूलियन यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून त्या विषयाची चिकित्सा केली. राज्यनिर्मितीनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले व त्याच्या परिभाषाकोशांनी ही परंपरा शासकीय पायावर उभी केली. तिचे यश व अपयश दोन्ही डोळ्यांसमोर आहे. ‘महापौर’ व ‘दिग्दर्शक’ रुळले. फाउंटन पेनासाठी सुचविलेली ‘झरणी’ रुळली नाही. आणि राजव्यवहारकोशाला तीन शतके उलटून गेल्यावरही ‘अर्ज’, ‘दप्तर’, ‘रद्द’, ‘शिक्का’ हे शब्द जागचे हललेले नाहीत.

या परंपरेतील नवा शब्द ‘संकेतस्थळ’. जुन्या साहित्यात संकेतस्थान म्हणजे प्रेमिकांनी भेटावयाचे ठरविलेले ठिकाण; तो अर्थ मागे पडून या शब्दाने लेखनात चांगले स्थान मिळविले आहे. तो सुबोधही आहे. परंतु कर्जतच्या सेवा केंद्रासमोर रांगेत उभा असलेला माणूस ‘साइट चालू आहे का’ असेच विचारतो. येथे लेखनाचा एक व बोलण्याचा एक असे दोन शब्द शेजारी राहतात. त्यात मोठी हानी नाही, कारण ‘स्थळ’ हा घटक ओळखीचा असल्याने ‘साइट’ म्हणणाऱ्याला ‘संकेतस्थळ’ वाचता येते.

‘अंकीय’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. ‘डिजिटल’ला पर्याय म्हणून तो अंकगणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु ज्या व्यवसायासाठी तो योजावयाचा त्या प्रकाशनव्यवसायात ‘अंक’ हा शब्द नियतकालिकाच्या एका प्रकाशनाला आधीच दिलेला आहे. दिवाळी अंकाची डिजिटल आवृत्ती निघाली तर तिला ‘अंकीय अंक’ म्हणावे लागेल. आणि ‘अंकीय प्रकाशन’ म्हणजे अंकांचे प्रकाशन की आकड्यांच्या रूपातील प्रकाशन, हे संदर्भावाचून कळणार नाही. एखादी संज्ञा एका शास्त्रात शुद्ध असूनही दुसऱ्या क्षेत्रात निरुपयोगी कशी ठरते, याचे हे चांगले उदाहरण आहे. या लेखात ‘डिजिटल’ हाच शब्द ठेवला आहे तो याच कारणास्तव.

‘अद्ययावत’ हा तिसरा नमुना. अद्य व यावत् यांच्या संधीने तो सिद्ध होतो; परंतु लेखनात तो वारंवार ‘अद्यावत’ असा आढळतो. या चुकीबद्दल लिहिणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. ज्या शब्दाचे घटक वापरणाऱ्याला दिसत नाहीत तो शब्द तो केवळ ध्वनीवरून लिहितो. ‘अलीकडील बदल’ असे लिहिले असता अशी चूक संभवत नाही.

दुसरा गट उसन्या शब्दांचा. यांच्या विरुद्ध जी सरसकट तक्रार केली जाते ती टिकणारी नाही. मराठी व्याकरण या शब्दांना निमूटपणे आपल्या घरात घेते. ‘साइट’ व ‘लिंक’ स्त्रीलिंगी झाल्या, ‘सर्व्हर’ व ‘पासवर्ड’ पुल्लिंगी झाले, ‘ॲप’ नपुंसकलिंगी झाले. ‘फाइल’ कचेरीतून फार पूर्वी आलेली असल्याने तिचे ‘फायली’, ‘फायलीत’ असे सामान्यरूपही झाले; ‘लिंक’ अद्याप त्या अवस्थेला पोचलेली नाही व ‘लिंकवर’ असेच म्हटले जाते. शब्द भाषेत किती मुरला हे सामान्यरूपावरून असे नेमके मोजता येते. ‘पेज’ या शब्दाची मात्र भातपिकाच्या या प्रदेशात थोडी पंचाईत आहे, कारण येथे पेज ही तांदळाची असते व ती पितात. पोथीपासून छापखान्यापर्यंत चालत आलेला ‘पान’ हा शब्द असताना ही अडचण ओढवून घेण्याचे कारण नव्हते.

उसन्या शब्दाचा खरा दोष निराळा आहे. तो वापरता येतो, पण उलगडत नाही. ‘सबमिट’ ही अक्षरे असलेली कळ दाबावयाची, हे पाहून पाहून पाठ होते. परंतु ती दाबल्यानंतर अर्ज सादर झाला व आता त्यात फेरफार करता येणार नाही, हा अर्थ त्या शब्दातून कळत नाही. ‘सादर करा’ यातून तो कळतो. अपरिचित संस्कृत आणि अपरिचित इंग्रजी ही दोन्ही कातकरी वाडीतील वाचकाला सारखीच बंद दारे आहेत. त्यांपैकी एक दार स्वदेशी लाकडाचे आहे, याने त्याला काही फरक पडत नाही.

तिसरा गट अर्थविस्ताराचा, आणि अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत उपेक्षित. संगणकाच्या आज्ञांमध्ये आलेले ‘जतन करा’ व ‘रद्द करा’ या गटातले. ‘परवलीचा शब्द’ हाही याच गटातला. पहाऱ्यावरील शिपायाला सांगावयाच्या खुणेच्या शब्दाला नवे काम मिळाले. ‘दुवा’ याचा आशीर्वाद असाही अर्थ असला तरी साखळीची कडी हा अर्थ ‘दुवा साधणे’ या प्रयोगात जिवंत असल्याने त्याने गोंधळ होत नाही. बोलण्यात तर ही क्रिया अखंड चालू असते. छायाचित्र ‘टाकले’ जाते, स्टेटस ‘ठेवला’ जातो, कागद ‘काढला’ जातो. ‘अपलोड’ला मराठी शब्द कोणता, याची चर्चा चालू असता बोलणाऱ्यांनी ‘टाकणे’ हे क्रियापद त्या कामावर केव्हाच नेमलेले आहे.

४

जाणीवपूर्वक केलेल्या अर्थविस्ताराचे सर्वांत समृद्ध उदाहरण मराठी विकिपीडियात सापडते. २००३ मध्ये सुरू झालेल्या या ज्ञानकोशाची परिभाषा स्वेच्छेने काम करणाऱ्या सदस्यांनी घडविली. नवख्याने लिहून पुसून पाहावयाच्या जागेला इंग्रजीत वाळूच्या चौकटीचे नाव आहे. मराठीत तिला ‘धूळपाटी’ म्हटले. पंतोजींच्या शाळेत ज्या पाटीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवीत, तिचे हे नाव. मूळ संज्ञेतील खेळ जाऊन येथे शिक्षण आले, आणि अर्थ अधिक नेमका झाला. सामाईक चर्चेच्या जागेला ‘चावडी’ म्हटले, आणि सांगितलेले तेवढेच काम बिनचूक करणाऱ्या स्वयंचलित आज्ञावलीला ‘सांगकाम्या’. लेखांवर लक्ष ठेवण्याच्या यादीला ‘पहाऱ्याची सूची’, ठरावीक मजकुराच्या चौकटीला ‘साचा’ ही नावेही याच जातीची. ‘संचिका चढवा’ या आज्ञेत पहिला शब्द कोशातला व दुसरा घरातला आहे. या दोहोंपैकी कोणता आधी कळतो हे सांगावयास नको.

या परिभाषेलाही मर्यादा आहेत. धूळपाटी व चावडी या वस्तू नव्या पिढीने पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे ज्या ओळखीवर हे शब्द उभे आहेत ती ओळख क्षीण होत जाणार. दुसरी मर्यादा लिपीच्या संकेतनाची आहे. ‘पहाऱ्याची’ यातील ‘ऱ्या’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या क्रमांनी टंकित करता येते. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला; तत्पूर्वीचे लेखन ‘अ’ला चंद्र जोडून झालेले आहे. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, परंतु शोधयंत्रणेने हा भेद मिटविला नसेल तर एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपातील मजकूर सापडत नाही. शासनाने २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित केली, तरी संकेतांचा हा क्रम कोशकारांच्या कक्षेत आलेला नाही. छापील युगात शब्दाचे लेखन निश्चित केले म्हणजे कोशकाराचे काम संपत असे. डिजिटल प्रकाशनात ते तेथे संपत नाही.

५

परिभाषेच्या दोषाची खरी किंमत कोठे मोजावी लागते, हे पाहण्यासाठी सातबाऱ्याकडे वळावे लागते. गाव नमुना सात हा अधिकारांचा व नमुना बारा हा पिकांचा. या दोन आकड्यांचे मिळून ‘सातबारा’ हे नाव झाले व ते सामान्यरूपासह भाषेत मुरले. त्याच्या नकलेला ‘उतारा’ म्हणतात. मूळ दप्तरातून उतरवून घेतलेला तो उतारा. म्हणजे ‘डाउनलोड’ या क्रियेसाठी लागणारा शब्द महसुली दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या तयार होता. ‘उतरवून घ्या’ एवढे म्हटले असता कर्जतच्या कोणत्याही शेतकऱ्याला काय मिळणार ते कळले असते.

आता हा सातबारा संगणकावर प्रसिद्ध होतो, आणि तो दोन प्रकारचा आहे. एक केवळ माहितीसाठी पाहावयाचा. तो कायदेशीर कामास चालत नाही. दुसरा शुल्क भरून मिळणारा, अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीचा, तो चालतो. हा दुसरा प्रकार २०१८ पासून उपलब्ध आहे. या दोहोंतील फरक शासकीय स्थळांवर ज्या शब्दांनी दाखविला जातो ते शब्द असे : ‘विनास्वाक्षरीत’ आणि ‘डिजिटल स्वाक्षरीत’.

हे शब्द तपासून पाहण्यासारखे आहेत. अंकित, मुद्रित यांप्रमाणे ‘इत’ प्रत्यय लावावयाचा तर रूप ‘स्वाक्षरित’ असे ऱ्हस्व व्हावयास हवे. ‘विनाअनुदानित’ हा समास त्याच रीतीने होतो व तो शाळांच्या संदर्भात सर्वांच्या परिचयाचा आहे. दीर्घ ‘री’ लिहिल्याबरोबर प्रत्यय बदलतो. ‘स्वाक्षरी’ या स्त्रीलिंगी नामाला सप्तमीचा ‘त’ लागून ‘स्वाक्षरीत’ म्हणजे ‘सहीमध्ये’ असा अर्थ होतो. मराठी जाणणाऱ्या वाचकाला ‘डिजिटल स्वाक्षरीत सातबारा’ यातून प्रथम हाती येतो तो ‘सहीमधील सातबारा’. अर्थ लागत नाही म्हणून तो शब्द सोडून देतो व सेवा केंद्रातील मुलाला ‘कुठला काढायचा’ असे विचारतो.

येथे चूक केवळ एका वेलांटीची आहे, असे कोणी म्हणेल. परंतु या दोन शब्दांतील भेद हाच चालणाऱ्या व न चालणाऱ्या कागदातील भेद आहे. न चालणारा कागद घेऊन तहसील कचेरीत गेलेल्या माणसाची एक दिवसाची मजुरी बुडते. डोंगरावरील वाडीतून उतरून कर्जत किंवा खालापूर गाठणाऱ्याच्या बाबतीत तर हा हिशेब आणखी कठोर होतो. ‘सहीचा’ व ‘बिनसहीचा’ असे दोन शब्द लिहिले असते तर व्याकरणाचा प्रश्न उद्भवला नसता, अर्थाचाही नसता. या साध्या जोडीकडे दुर्लक्ष का झाले? सही हा अरबी शब्द म्हणून नव्हे. तो फार साधा वाटला म्हणून. शासकीय लेखनात जे साधे ते कमी अधिकाराचे, ही समजूत परिभाषेच्या मुळाशी आजही आहे.

उलट उदाहरणही याच दप्तरातील आहे. २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’ या योजनेत शेतकऱ्याने भ्रमणध्वनीवरून आपला पीकपेरा स्वतः नोंदवावयाचा असतो. त्या ॲपच्या वापरातील अडचणी हा निराळा विषय आहे. पण नावाचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. ‘पाहणी’ हा महसुली व्यवहारातला जुना शब्द, ‘पीक’ घरातला, आणि ‘ई’ हा एक वर्ण तेवढा नवा. ‘आगगाडी’ ज्या रीतीने झाली त्याच रीतीने हेही नाव झालेले आहे.

६

या परीक्षणातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. डिजिटल प्रकाशनाची परिभाषा ठरविताना प्रथम त्या व्यवहाराच्या जुन्या रूपातील शब्द पाहावेत : छापखान्याचे, दप्तराचे, चावडीचे. उतारा, पान, आवृत्ती, जतन, रद्द, सादर, पाहणी हे शब्द काम करावयास तयार आहेत. ते नसतील तेथे बोलण्यात मुरलेला उसना शब्द घ्यावा व त्याचे लिंग आणि सामान्यरूप कोशात नोंदवावे. या दोन्ही वाटा बंद असतील तेव्हाच नवा शब्द घडवावा, आणि तो घडविताना त्याचे घटक वाचणाऱ्याला दिसतील असे करावे. ‘संकेतस्थळ’ या कसोटीस उतरते, ‘अंकीय’ प्रकाशनाच्या क्षेत्रात उतरत नाही, आणि ‘विनास्वाक्षरीत’ कोणत्याच क्षेत्रात उतरत नाही.

मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो दर्जा जुन्या ग्रंथांच्या पुराव्यावर मिळाला आहे. परिभाषेचा पुरावा मात्र रोज नव्याने द्यावा लागतो, आणि तो ज्यांच्यासमोर द्यावयाचा ते वाचक कर्जतच्या सेवा केंद्रासमोरील रांगेत उभे आहेत. शासकीय स्थळांवरील दोन शब्द बदलण्यास नवा कोश लागत नाही. ‘सहीचा’ आणि ‘बिनसहीचा’ एवढे लिहिले तरी रांगेतील प्रश्नांपैकी एक कमी होईल.